कुरुशचा इराण वेगळा, शापूरचा इराण वेगळा

‘ज्यूंनी सैतान, देवदूत, स्वर्ग-नरक आणि मेलेल्यांचं पुन्हा उठणं, हे सगळं इराणकडून घेतलं.’ हे वाक्य इतक्या ठिकाणी आणि इतक्या ठामपणे वाचायला मिळतं की त्याला पुरावा मागायचं कुणाला सुचत नाही. मागितलाच, तर जो येतो तो बघण्यासारखा असतो. एका बाजूला बायबलमधली इ.स.पू. सहाव्या शतकातली एक ओळ, दुसऱ्या बाजूला ‘बुंदहिश्न’ या पहलवी, म्हणजे मधल्या काळातल्या इराणी भाषेतल्या, पारशी ग्रंथातला इ.स. नवव्या शतकातला एक उतारा, आणि मध्ये बरोबरचं चिन्ह. चौदाशे वर्षं त्या चिन्हात गडप.

घोळाचं मूळ साधं आहे. ‘प्राचीन ज्यू धर्म आणि इराण’ या एकाच पाटीखाली दोन निराळे अभ्यास चालतात. एक हखामनी साम्राज्याच्या काळातला, म्हणजे इ.स.पू. ५३९ ते ३३०. दुसरा सासानी साम्राज्याच्या काळातला, इ.स. २२४ ते ६५१. मधली साडेपाचशे वर्षं ग्रीकांची आणि पार्थियनांची. दोन्हीकडे राजा इराणी, दोन्हीकडे प्रजेत ज्यू, दोन्हीकडे अहुरमझ्दा या इराणी देवाचं नाव. म्हणून दोन्ही सर्रास एकात कालवले जातात.

पहिला काळ बहुतेकांना माहीत असतो, तो भराभर उरकतो. कुरुशने, म्हणजे मराठी बायबलमधल्या कोरेशने, ५३९मध्ये बॅबिलोन घेतलं. तिथे हद्दपार होऊन राहिलेल्या यहुदातल्या लोकांना परतायची मुभा मिळाली, जेरुसलेमचं दुसरं मंदिर ५१५च्या सुमारास उभं राहिलं, ‘येहूद’ हा साम्राज्याचा एक चिमुकला प्रांत झाला. एज्रा, नहेम्या, एस्तेरच्या गोष्टीतला शूशनचा दरबार, ही सगळी या काळाची चित्रं. यशयाच्या पुस्तकात तर कुरुशला देवाचा ‘अभिषिक्त’ म्हटलंय. एवढा मान त्या पुस्तकात दुसऱ्या कुठल्या परक्या राजाला नाही.

इथेच एक काटा काढून टाकतो. १८७९ मध्ये सापडलेला आणि आज ब्रिटिश म्युझियममध्ये असलेला कुरुशचा मातीचा दंडगोल म्हणजे ‘जगातला पहिला मानवी हक्कांचा जाहीरनामा’ नव्हे. त्यात कुरुशला निवडणारा देव बॅबिलोनचा मर्दुक आहे. अहुरमझ्दाचं नाव नाही, ज्यूंचं नाही, जेरुसलेमचंही नाही. १९७१च्या शाही सोहळ्यात इराणच्या शहाने त्याला जे रूप दिलं, ते अजून पुसलं जात नाही.

दुसरा काळ कमी लोकांना माहीत असतो, त्यामुळे थोडं थांबतो. कुरुशने मुभा दिली तरी सगळे परतले नाहीत. तैग्रिस-युफ्रेतिसच्या खालच्या खोऱ्यात ज्यूंची मोठी वस्ती पुढची हजारो वर्षं टिकली. इ.स. २२४ मध्ये अर्दशीरने पार्थियनांना हरवून सासानी घराणं बसवलं, तेव्हा ही वस्ती राजधानीच्या अगदी दाराशी होती. राजधानी तेसिफोन आजच्या बगदादजवळ, आणि रावा या मोठ्या पंडिताचं गाव महोझा तेसिफोनला लागूनच. सुरा, पुम्बेदिता, नहर्दिया ही विद्येची गावंही याच टापूत. तिथल्या पंडितांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वादचर्चेतून बॅबिलोनी तालमूद तयार झाला. आज ज्यू धर्मशास्त्र म्हणून जे शिकवलं जातं त्याचा कणा हा ग्रंथ. नाव बॅबिलोनचं आणि जागा आजच्या इराकात, त्यामुळे तो इराणी साम्राज्यात घडला हे अभ्यासकांनाही बराच काळ मनावर घेता आलं नाही.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. मंदिर आणि पुरोहित पहिल्या काळात, मंदिर नाही आणि पंडित-न्यायाधीश दुसऱ्यात. पहिल्या काळात इराणी दरबार स्वतः सरकारी कामाला अरामी वापरतो. दुसऱ्यात अरामी लोकांची आणि पहलवी सरकारची. हे कुठल्याही सर्वसाधारण पुस्तकात मिळेल.

खरी मेख पुराव्यात आहे. पहिल्या काळात ज्यू बाजूचं लिखाण भरपूर आहे, पण इराणी बाजूने धर्मावर बोलणारं समकालीन कुणी जवळजवळ नाही. हखामनी राजा दारयवहुचा बेहिस्तूनचा शिलालेख घ्या. अहुरमझ्दाचं नाव ओळीओळीला, खोटेपणाचा धिक्कार जागोजागी. पण पारशी धर्माचा संस्थापक झरथुष्ट्र नाही, त्या धर्मातला दुष्ट आत्मा अंग्रमैन्यू नाही. १९३३ मध्ये पर्सेपोलिसला सापडलेल्या मातीच्या पाट्या घ्या. इ.स.पू. ५०९ ते ४९३ या वर्षांतला तो सरकारी कोठाराचा हिशेब आहे, कुठल्या देवाच्या नैवेद्याला किती धान्य आणि किती दारू दिली ते सांगणारा. त्यात हुंबान या एलामी देवाच्या वाट्याला अहुरमझ्दापेक्षा जास्त येतं. म्हणजे ‘हखामनी राजे पारशी धर्माचे, सबब त्यांच्या राज्यातल्या ज्यूंना तोच धर्म भेटला’ या वाक्याचा पहिलाच पाय लटपटतो.

मग पारशांचा धर्मग्रंथ अवेस्ता? त्यातली स्तोत्रं, म्हणजे गाथा, फार जुन्या आहेत यात शंका नाही. त्यांची भाषा ऋग्वेदाच्या इतकी जवळची आहे की आपल्याकडच्या वाचकाला ते पटवून द्यायला नको. पण तेव्हा त्या मुखोद्गत होत्या. अवेस्ता लिहून काढण्यासाठीची लिपी घडली ती सासानी काळात. येहूदमधल्या एखाद्या ज्यूच्या कानावर त्या कधी पडल्या का, हे सांगणारा एकही कागद नाही.

ज्यू आणि इराणी अंमलदार यांच्यातले खरेखुरे कागद आहेत ते इजिप्तमधल्या एलिफंटाइन बेटावरचे. तिथे इराणच्या चाकरीत ज्यू सैनिकांची छावणी होती. त्यांचं याहोचं, म्हणजे ज्यूंच्या देवाचं, मंदिर इ.स.पू. ४१० मध्ये ख्नूम देवाच्या पुजाऱ्यांनी विद्रंग नावाच्या अंमलदाराला हाताशी धरून पाडलं, आणि ४०७ मध्ये या लोकांनी यहुदाचा सुभेदार बगोही याच्याकडे ते पुन्हा बांधायची परवानगी मागितली. अर्ज, गाऱ्हाणी, लग्नाचे करार, घरांची खरेदीखतं, सगळं आहे. धर्मचर्चा म्हणावी असं जवळजवळ काही नाही. इराणी अंमलदारांशी यांचा संबंध अर्ज देण्यापुरता.

आता आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या चिटणीस बखरीवरून कुणी शिवकाळातला एखादा प्रसंग बिनदिक्कत सांगू लागला, तर इतिहासाची थोडी गोडी असलेला माणूसही लगेच विचारतो, ‘समकालीन पत्र आहे का?’ तिथे अंतर सव्वाशे-दीडशे वर्षांचं. बुंदहिश्नच्या बाबतीत ते दहापट आहे, तरी तोच माणूस इथे हूं की चूं करत नाही.

याचा अर्थ पहिल्या काळात काहीच घडलं नाही असा नव्हे. यशया ४५ मध्ये देव म्हणतो, प्रकाश मीच घडवतो आणि अंधारही मीच उत्पन्न करतो. लोक हे वाक्य उचलतात आणि म्हणतात, बघा, पारशी द्वैताला उत्तर! पण गाथांतल्या यस्न ४४ मध्ये कवी अहुरमझ्दालाच विचारतो, की कुठल्या कारागिराने प्रकाश आणि अंधार घडवले? म्हणजे ते उत्तर आहे की त्याच सुरातलं बोलणं, हे दोन ओळी शेजारी ठेवून ठरत नाही. पुनरुत्थानाची गोष्ट जरा बरी आहे: मागी, म्हणजे इराणी पुरोहित, यांच्या मते माणसं पुन्हा जिवंत होतील, असं इ.स.पू. चौथ्या शतकातल्या थिओपॉम्पसच्या हवाल्याने ग्रीक लेखकांनी नोंदवलंय, तर ज्यूंकडची स्पष्ट ओळ दानिएलच्या पुस्तकात इ.स.पू. दुसऱ्या शतकात येते. इथे निदान क्रम जुळतो. आणि सगळ्यात धक्कादायक साम्य, प्रकाशाचा आत्मा आणि अंधाराचा आत्मा यांच्यात वाटली गेलेली माणसं, ते मिळतं मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुंडाळ्यांत. त्या ग्रीक-रोमन काळातल्या. म्हणजे उत्तम साम्य नेमकं दोन्ही काळांच्या मधल्या फटीत पडतं, आणि तिथेही दोन्ही आत्मे देवानेच निर्माण केलेले आहेत. अशा जागी ‘शक्य आहे’ म्हणून थांबावं. ते फार थोड्यांना जमतं.

सासानी काळात चित्र उलटं होतं. दोन्ही बाजू एकाच वेळी, एकाच मुलखात बोलताहेत आणि एकमेकांची नावं घेताहेत. तिसऱ्या शतकात कर्दीर हा बडा धर्माधिकारी नक्श-ए-रुस्तमच्या शिलालेखात फुशारकी मारतो की साम्राज्यात ज्यू, बौद्ध श्रमण, ब्राह्मण, ख्रिस्ती आणि मानीचे अनुयायी यांना तडाखे बसले. तालमुदात पहिल्या शापूर या सासानी सम्राटाचं नाव येतं, दुसऱ्या शापूरची आई इफ्रा होर्मिझ पंडितांकडे दानधर्म पाठवते. दोन्ही बाजूंच्या दाव्यांत मीठमसाला असेल, पण तो त्याच काळचा आणि त्याच परिसरातला आहे.

मला स्वतःला मोठमोठ्या सिद्धान्तांपेक्षा तालमुदातला एक बारकासा प्रश्न जास्त पटतो. शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या, दिवशी हनुक्का या सणाचा दिवा जागचा हलवलेला चालेल का, अग्निपूजक पुरोहितांच्या भीतीने? दिव्यावरून घरात शिरणारा पुरोहित असल्याशिवाय हा प्रश्न कुणाला पडत नाही. दुसरीकडे हेच पुरोहित बॅबिलोनात आल्यावर पुरलेली प्रेतं उकरून काढतात अशी तक्रार आहे. मातीत प्रेत पुरणं हा पृथ्वीचा विटाळ, हे मुंबईतल्या पारशांच्या डुंगरवाडीबद्दल ऐकलेल्या वाचकाला समजावून सांगायला नको.

आणि एक चकमक. एक मागी अमेमार या ज्यू पंडिताला म्हणतो, तुझं कमरेच्या वरचं शरीर होर्मिझचं (म्हणजे अहुरमझ्दाचं), खालचं अहर्मिनचं (म्हणजे अंग्रमैन्यूचं). अमेमार विचारतो, मग अहर्मिन आपल्या हद्दीतून होर्मिझला पाणी कसं जाऊ देतो? विनोद थोडा हिरवट आहे, पण इराणी द्वैत नेमकं माहीत असल्याखेरीज तो करताच येत नाही, आणि ऐकणाऱ्यालाही ते माहीत असावं लागतं. पहिल्या काळाच्या हजार पानांत अशी एक ओळ मिळाली असती तर वाद कधीच मिटला असता.

म्हणूनच दोन्हीकडे विचारायचे प्रश्न वेगळे. पहिल्या काळात विचारतात, कुणी कुणाकडून घेतलं? दुसऱ्यात तो प्रश्न जवळजवळ निरर्थक ठरतो. तिथे विचारायचं असतं, एकाच कायद्याखाली आणि एकाच बाजारात राहणारी ही माणसं एकमेकांना पाहून कशी वागत होती? याकोव एलमन यांनी अमेरिकेत आणि शाऊल शाकेद यांनी जेरुसलेममध्ये हा दुसरा प्रश्न रुजवला. त्याआधी तालमूद वाचणाऱ्यांना सहसा पहलवी येत नसे आणि पहलवीवाल्यांना तालमूद.

त्यांना कामाला आलेल्या साधनांपैकी एक आपल्या जवळचं आहे. ‘मादिगान-ई हजार दादिस्तान’ हा सासानी न्यायनिवाड्यांचा ग्रंथ एकाच हस्तलिखितात, तेही दोन तुकड्यांत विभागून, उरला. त्यातल्या एका भागाची छायाप्रत जीवनजी जमशेदजी मोदींच्या प्रस्तावनेसह १९०१ मध्ये पुण्यात छापली गेली. हा ग्रंथ सातव्या शतकाच्या आरंभीचा, सासानी राज्य अजून उभं असतानाचा. परगावी गेलेले रव आणि रव नहमान हे ज्यू पंडित ‘एका दिवसापुरती माझी कोण होईल?’ असं विचारत, हे तालमुदातलं वाक्य शतकानुशतकं भाष्यकारांना अडचणीचं वाटत होतं. एलमन यांनी ते सासानी कायद्यातल्या मुदतीच्या विवाहाशेजारी ठेवून वाचलं. सगळ्यांना ते पटलेलं नाही, पण दोन्ही कागद एकाच काळाचे आणि एकाच राज्याचे आहेत, त्यामुळे वाद तरी मुद्द्यावर होतो.

दुसऱ्या काळातही आंधळेपणा करायला वाव आहेच, आणि उत्साही लोक तो करतात. बॅबिलोनी तालमुदात काहीही दिसलं की इराण! त्यावर एक स्वस्त कसोटी आहे: जेरुसलेमी तालमूद उघडायचा. तो रोमन साम्राज्यात, चौथ्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास तयार झाला. तीच गोष्ट तिथेही असेल तर इराणला गप्प बसवायचं. नसेल, किंवा वेगळ्या रूपात असेल, तर फरक कुठे पडलाय ते बघायचं.

बॅबिलोनहून पॅलेस्टाइनला गेलेल्या रव कहानाची कथा या कसोटीवर तासून बघण्यासारखी आहे. बॅबिलोनी तालमुदात रब्बी योहानान सात गाद्यांच्या बैठकीवर बसलेत. कहाना गप्प राहिला म्हणून त्याला पहिल्या रांगेतून एकेक करत सातव्या रांगेत ढकलतात. तो बोलू लागल्यावर तो पुढे येत जातो आणि रब्बींखालची एकेक गादी निघत जाते. मानाप्रमाणे रांगा आणि दर्जाप्रमाणे गाद्या, ही सासानी दरबाराची रीत. प्रसंग रोमन पॅलेस्टाइनमधला, सामान तेसिफोनचं. जेरुसलेमी तालमुदात हा दरबारी थाट सापडत नाही. तेव्हा या कथेवरून योहानानच्या पाठशाळेतल्या बसण्याच्या पद्धतीबद्दल काही सांगायचं असेल तर ते सोडून द्यावं. ती सांगणाऱ्या बॅबिलोनी पंडितांनी ‘थोर गुरू’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे काय आणलं, ते मात्र तिच्यात लख्ख दिसतं.