दाढेतलं पांढरं ‘सिमेंट’ किती वर्षं जातं?

सदाशिव पेठेतल्या दवाखान्यात आत्याची दाढ भरून झाली आणि पर्स उघडायच्या आधी तिने विचारून घेतलं, “डॉक्टर, हे सिमेंट किती वर्षं जाईल?” दुसऱ्या बाजूच्या दाढेतली तिची चांदी पस्तीस वर्षं शाबूत आहे, त्यामुळे प्रश्नाला धार होती. डॉक्टर तिच्या मुलीच्या वयाची. ती म्हणाली, “काकू, ते तुमच्या चहावर आहे.”

आत्याच्या मते हे उत्तर टोलवणं झालं. मला ते चोख वाटलं.

मुळात हे सिमेंट नाहीच. कॉम्पोझिट म्हणजे चिकट रेझिन आणि त्यात मळलेली काचेची, सिलिकाची पूड. वजनाने ही पूडच साधारण तीन चतुर्थांश भरते. त्यातल्या रेझिनचं पेटंट अमेरिकेतल्या राफेल बोवेन यांना १९६२ मध्ये मिळालं. सुरुवातीची कॉम्पोझिट्स दाढेत भराभर झिजायची. पुढे पूड बारीक होत गेली आणि झिजेची तक्रार जवळपास मिटली.

मग आता बिघडतं कुठे? बहुतेक वेळा कडेला, जिथे भरण आणि दात भेटतात तिथे. आत्याच्या खुर्चीशेजारी उभं राहून मी हे जवळून पाहिलं. आधी दाढेभोवती रबराचा पडदा ताणला, कारण लाळेचा एक ओघळसुद्धा चालत नाही. मग निळं जेल लावलं. ते फॉस्फोरिक आम्ल. रंग धातूला घट्ट धरावा म्हणून कारखान्यांत वापरतात, तीच युक्ती मायकेल ब्युओनोकोर यांनी १९५५ मध्ये दातांवर करून पाहिली होती. आम्लाने दाताच्या पृष्ठभागावर सूक्ष्म खळगे पडतात, पातळ बॉन्ड, म्हणजे चिकटवणारा द्रव, त्यांत उतरून रुततो. त्यावर कॉम्पोझिटचे सुमारे दोन मिलिमीटरचे थर, आणि प्रत्येक थरावर निळा प्रकाश. थर का, तर घट्ट होताना हा पदार्थ दोन-तीन टक्के आक्रसतो आणि कड ओढून घेतो. शिवाय जाड थराच्या तळापर्यंत प्रकाश नीट पोचत नाही. आत्या कंटाळली होती, पण भरणाचं पुढचं आयुष्य याच वीस-पंचवीस मिनिटांत बरंचसं ठरतं.

बरंचसं, सगळं नाही. दाताच्या बाहेरच्या कवचाशी बॉन्ड छान जमतो. आतला थर ओलसर, कोलॅजेन या प्रथिनाच्या जाळीचा. तिथे पाणी रेझिनला हळूहळू पोखरतं आणि दातातलीच विकरं ती जाळी कुरतडतात. जुनी चांदी इथे वेगळी वागायची: ती थोडी गंजायची आणि तो गंजच कडेची फट बुजवायचा! म्हणून ज्यांना वारंवार कीड लागते त्यांच्या मोठ्या भरणांत चांदी सरस ठरलेली दिसते. पण तिच्यात पारा असतो. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून, मोजके अपवाद सोडून, तिच्यावर बंदी घातली.

आकडे तसे निराशाजनक नाहीत. दीर्घकाळच्या पाहण्या एकत्र केल्या की दाढांमधली कॉम्पोझिट भरणं वर्षाला साधारण दोन टक्के या गतीने निकामी होताना दिसतात. म्हणजे दहा वर्षांनी शंभरातली ऐंशीच्या वर जागेवर. ब्राझीलमध्ये काही भरणांवर वीसहून जास्त वर्षं नजर ठेवली गेली, त्यातलीही बरीच टिकली. मात्र भरणात दाताची एकेक बाजू वाढली की धोका तीस-चाळीस टक्क्यांनी वाढतो.

आणि आता तो चहा. निकामी होण्याचं पहिलं कारण म्हणजे भरणाच्या कडेला पुन्हा लागलेली कीड, त्यानंतर तुटणं. साखर एकूण किती खाल्ली यापेक्षा ती दिवसातून किती वेळा तोंडात गेली, याला जास्त महत्त्व. सकाळचा, अकराचा, चारचा, शिवाय टिळक रोडवरून जाता-जाता अमृततुल्यचा ‘अर्धा कप’ धरला, की साखरेपासून तोंडातले जंतू जे आम्ल करतात, त्यातून सावरायला आत्याच्या दाढांना उसंतच मिळत नाही. साखर टाकून द्या, असं तिला सांगायची माझी छाती नाही.

तिच्या आणखी एका दाढेत बारा वर्षांपूर्वीचं कॉम्पोझिट आहे, कडेला तपकिरी रेघ आलेलं. “हेही काढून नवं भरता का?” आत्याने विचारलं. डॉक्टरने फुंकर मारून ते वाळवलं, भिंगातून पाहिलं. डाग म्हणजे कीड नव्हे, आणि भरण बदलताना दरवेळी थोडा चांगला दातही खरवडला जातो. कड खरंच बिघडलीच, तर तेवढाच भाग कोरून डागडुजी करता येते. तिने फोटो काढून ठेवला आणि सहा महिन्यांनी यायला सांगितलं.