गिरणगावातील पाळी

मुंबईच्या कापड गिरण्यांतील कामाच्या ठरलेल्या वेळेला पाळी म्हणत. लालबाग, परळ, वरळी या गिरणगावातल्या कामगाराचे जेवण, झोप आणि संसार पाळीवर बेतलेले असत, आणि पाळी कापडाच्या बाजारावर.

पहिली गिरणी १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली. सुरुवातीला काम दिवसाच्या उजेडापुरते चाले. विजेचे दिवे आले आणि १९०५च्या तेजीत काही गिरण्या दिवसाला चौदा-पंधरा तास चालू लागल्या. रविवारची सुट्टी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने १८९० मध्येच मिळवली होती. कामाचे तास कमी व्हायला मात्र फार वेळ लागला. १९११च्या कायद्याने पुरुषांना दिवसाला १२ तासांची मर्यादा घातली, १९२२ मध्ये आठवड्याला ६० तास झाले, १९४८ मध्ये ४८.

पुढे तीन पाळ्या रुळल्या: सकाळी ७ ते दुपारी ३.३०, तिथून रात्री १२, आणि रातपाळी. कुटुंबासाठी खोली घेणे पगारात बसत नसे, म्हणून बायकापोरे कोकणात नाहीतर घाटावर. गावकऱ्यांच्या एकाच खोलीत वीस-पंचवीस जण राहत; पहिल्या पाळीवाल्याने वळकटी गुंडाळली की त्या जागी रातपाळीवाला आडवा होई. जेवण खानावळवाल्या बाईकडे. तिची चूल तिन्ही पाळ्यांना पेटती असे आणि तिचे तास कुठलाच कायदा मोजत नव्हता. अशा बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले.

बाजाराचा फटका आधी बसे तो बदली कामगाराला. तो डबा घेऊन गेटवर उभा राही; कुणाचा खाडा असेल तर आत, नाहीतर डबा तसाच घरी. अशा दिवशी वेळच वेळ असे, आणि तोच नको असे.

१८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. अनेकांना पुन्हा गिरणीत जाता आले नाही. काही गावी परतले, काहींनी भाजीची गाडी लावली, घरोघरी बायकांनी धुण्याभांड्याची कामे धरली. काही जण भिवंडीच्या यंत्रमागांवर गेले. तिथे पाळी बारा तासांची होती.