राणीच्या बागेतली क्षेत्रभेट: झाडांकडून पिंजऱ्यांकडे, आणि परत

भायखळ्याची राणीची बाग १८६२ साली उघडली. तिथल्या प्राणिसंग्रहालयाची सुरुवात १८९० ची. म्हणजे जवळजवळ तीन दशकं ही बाग झाडांचीच म्हणून ओळखली जात होती. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत मात्र मुंबईतल्या शाळांनी तिला वाघ-हत्तींची बाग करून टाकलं. मुलांच्या शैक्षणिक भेटी आजही अनेकदा फसतात. त्यामागे शिक्षकांची हयगय असतेच असं नाही. भेटीचा साचाच प्राणी पाहायच्या सहलीतून आलेला आहे.

बाग काढली ती ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया या संस्थेने. संस्थेची आधीची बाग शिवडीला होती. ती जागा युरोपीय लोकांच्या दफनभूमीसाठी गेली आणि भायखळ्याच्या माउंट इस्टेटवर नवी बाग आखली गेली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी मुंबईच्या गव्हर्नरांच्या पत्नी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते ती खुली झाली. तेव्हाचं क्षेत्र ३३ एकर, नाव व्हिक्टोरिया गार्डन्स. परदेशातून रोपं आणायची, ती इथल्या खाऱ्या, दमट हवेत तगतात का ते पाहायचं आणि उपयोगी झाडांचा प्रसार करायचा, हा अशा संस्थांचा मुख्य उद्योग. शेजारीच २ मे १८७२ रोजी वस्तुसंग्रहालय सुरू झालं. त्याच्या उभारणीत जगन्नाथ शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी लाड आणि डॉ. जॉर्ज बर्डवूड ही मंडळी होती. १८७३ मध्ये बाग नगरपालिकेकडे आली.

त्या जुन्या उद्योगाचं फळ आजच्या भेटीत थेट वापरता येतं. गोरखचिंच आफ्रिकेतली, उर्वशी म्यानमारची, कैलासपती आणि पर्जन्यवृक्ष दक्षिण अमेरिकेतले, गुलमोहर मादागास्करचा. सीताअशोक आणि ताम्हण मात्र आपल्याकडचे. पाचवी-सहावीच्या मुलांना जगाचा कोरा नकाशा द्यावा आणि प्रत्येक झाडापाशी त्या देशावर खूण करायला लावावी. तासाभरात नकाशा भरतो आणि ‘हे इथे आलं कसं?’ हा प्रश्न मुलंच विचारतात. बागेच्या इतिहासावर वेगळं भाषण लागत नाही.

१८९० मध्ये आणखी १५ एकर जमीन जोडली गेली आणि प्राणी आले. बाग लोकांची झाली ती त्यामुळे. गिरणगाव हाकेच्या अंतरावर, भायखळा स्टेशन समोर, तिकीट माफक. हत्तीवरची फेरी ही तर मुंबईच्या कित्येक पिढ्यांची बालपणीची कमाई. शाळेच्या वार्षिक सहलीत राणीची बाग, म्हातारीचा बूट आणि १९५१ नंतर तारापोरवाला मत्स्यालय असं त्रिकूट ठरून गेलं. बूट ज्यात आहे ते कमला नेहरू पार्क १९५२ चं. समोरची हँगिंग गार्डन्स, म्हणजे फिरोजशहा मेहता उद्यान, १८८१ सालची, मलबार हिलच्या जलाशयाच्या छतावर केलेली. ती बाग सपाट का आणि तिथे मोठी झाडं मोजकीच का, याचं उत्तर पायाखालच्या पाण्यात आहे. सहलींमध्ये ते कुणी क्वचितच सांगतं. एका दिवसात तीन ठिकाणं उरकायची म्हटल्यावर प्रत्येक ठिकाणी पाऊण तास मिळतो, आणि पाऊण तासात मुलं मोजून पुन्हा बसमध्ये चढवणं एवढंच साधतं.

निसर्ग हेच पुस्तक, हा विचार मराठी शिक्षणाला नवा नव्हता. गांधीजींच्या १९३७ च्या वर्धा योजनेने परिसर आणि हातकाम यांच्याभोवती शिक्षण बांधायचा आग्रह धरला. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. १९५७ मध्ये काम आदिवासी भागातल्या कोसबाडला गेलं आणि अनुताई वाघांनी ते पुढे वाढवलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवण्यापर्यंत तिथे मजल गेली. पण कोसबाडच्या पोराला झाडापर्यंत न्यावं लागत नाही. परळच्या किंवा गोवंडीच्या मुलांसाठी बस ठरवावी लागते, पालकांची संमतिपत्रं घ्यावी लागतात, तास बुडतात. म्हणून शहरात हा विचार बराच काळ पाठ्यपुस्तकातच राहिला. सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता खटल्यात १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षण सक्तीचं करण्याचे निर्देश दिले, तेव्हाही शाळांनी आधी वाढवला तो प्रकल्पवह्यांचा ढीग.

भेटीचा साचा बदलला तो मुख्यतः भेटींसाठीच बांधलेल्या जागांमुळे. मिठी नदीकाठी, धारावी-माहीमच्या सीमेवर, कचऱ्याच्या जुन्या डेपोवर ३७ एकरांचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभं राहिलं आणि १९९४ मध्ये खुलं झालं. गोरेगावला चित्रनगरीलगत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं निसर्ग शिक्षण केंद्र ३३ एकरांवर आहे. अशा ठिकाणी गट आधी नोंदवायचा असतो, सोबत माहीतगार असतो, वाट ठरलेली असते. सार्वजनिक बागेत यातलं काहीच गृहीत धरता येत नाही. रविवारची गर्दी, फेरीवाल्यांचे आवाज, समोरच वाघ; यातून मुलांचं लक्ष खोडाकडे वळवायचं असतं.

राणीच्या बागेतल्या झाडांना पुन्हा भाव आला तो एका वादामुळे. २००७ च्या सुमारास महापालिकेने प्राणिसंग्रहालय आंतरराष्ट्रीय धर्तीवर नव्याने बांधायची योजना पुढे आणली. तीत झाडांचा आणि जुन्या मांडणीचा बळी जाईल म्हणून नागरिक उभे राहिले. त्यांनी दाखवलेली मोजदाद अशी: २८६ जातींची ३,२१३ झाडं. वारसा म्हणून आक्षेप आले आणि योजना बरीच छाटली गेली. या धडपडीत झाडं ओळखत फिरण्याच्या फेऱ्या वाढल्या, आणि शाळांना अनुकरणासाठी एक नमुना मिळाला. लगतचं वस्तुसंग्रहालयही, आता डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाचं, दुरुस्तीनंतर २००८ मध्ये पुन्हा उघडलं. पाऊस आला तर गट तिथे वळवता येतो. मुंबईतल्या जुन्या व्यवसायांच्या मातीच्या प्रतिकृती मुलं झाडांपेक्षाही चिवटपणे न्याहाळतात.

आता प्रत्यक्ष आखणी. एका बसमधली ५० मुलं एकाच झाडाभोवती उभी केली की मागच्या दोन रांगांना ऐकूही येत नाही, दिसतही नाही. मग चिवचिवाट, मग शिट्टी. त्याऐवजी बारा-तेरा जणांचे चार गट करून चारही गटांना चार वेगवेगळ्या झाडांपाशी एकाच वेळी सुरुवात करू द्यावी. एका झाडाला १५ मिनिटं, मग पुढच्यावर. चालणं धरून सव्वा तास. त्याआधी स्वच्छतागृहासाठी २० मिनिटं हवीतच. ती वगळली तर दुसऱ्या झाडापासून एकेक मूल निघू लागतं आणि गट मोडतो. मोजणी बसपाशीच नको, प्रत्येक झाडापाशी जोड्यांनी करावी. जोडीदार नसला की जोडीतलं दुसरं मूल आधी बोलतं.

गोरखचिंचेचा घेर सुतळीने जमिनीपासून साडेचार फुटांवर मोजायचा. वनखात्यातही याच उंचीवर मोजतात. उंची न ठरवता मोजलं की चार गटांची चार उत्तरं येतात. तसं झालं तरी हरकत नाही, उत्तरं का वेगळी आली यावर चर्चा होऊ द्यावी. खोडाचा ठसा घ्यायला पातळ कागद आणि मेणाचा खडू, तोही आडवा धरून. पर्जन्यवृक्षाच्या खोल भेगांवर कागद फाटतो आणि पावसाळ्यात ओल्या सालीवर तर काहीच उमटत नाही. पानं फक्त पडलेली उचलायची. कृष्णवडाचं द्रोणासारखं पान तोडायचा मोह आवरत नाही, म्हणून तिथे मोठं माणूस उभं असावं. कैलासपतीखाली गटाला बसवू नये. त्याची तोफगोळ्यासारखी जड फळं कधीही पडतात. लिहायला पेन्सिल, कारण दमट हवेत पेनाची शाई कागदावर पसरते. प्रश्नपत्रिकेत ‘झाडाचं नाव लिहा’ असेल तर मुलं पाटी उतरवून घेतात आणि मान वर करत नाहीत. ‘फूल फांदीला आहे की खोडाला?’ असं विचारलं तर वर बघावंच लागतं.

ऋतूचं गणित शाळेच्या वेळापत्रकाशी जुळत नाही, ही जुनीच अडचण. बहावा आणि ताम्हण फुलतात एप्रिल-मेमध्ये, तेव्हा परीक्षा आणि सुट्टी. सहली निघतात डिसेंबर-जानेवारीत, तेव्हा गोरखचिंच निष्पर्ण उभी असते आणि मुलं ती वाळली समजतात. काटेसावर जानेवारीअखेरीस फुलू लागते, उर्वशी आणि सीताअशोक त्याच्या मागोमाग. म्हणून निवडता आली तर फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा चांगला. जूनमध्ये त्याच गोरखचिंचेला पालवी दाखवायला दुसरी भेट जमली, तर पहिल्या भेटीतला अर्धा राहिलेला अभ्यास तिथे पुरा होतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दप्तराविना दिवस सांगितले आहेत. त्यातले दोन या जोडभेटीला द्यायला हरकत नसावी.

मार्च २०१७ मध्ये हम्बोल्ट पेंग्विनचा कक्ष उघडला, त्याच वर्षी तिकीटदर वाढले आणि रांगाही. शाळा हल्ली आधी पेंग्विन उरकतात. रांगेत ऊन चढतं, मुलं दमतात आणि झाडांना उरतो तो डबा खायच्या आधीचा अर्धा तास. क्रम उलटा ठेवावा: दार उघडताच झाडं, मग डबा, मग प्राणी. आणि बस ठरवण्याआधी वार पाहावा. बुधवारी बाग आणि वस्तुसंग्रहालय दोन्ही बंद असतात. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर बाग उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी बंद ठेवतात.