टेस्टोस्टेरॉन दुप्पट, तर नराचा लैंगिक जोमही दुप्पट?

नाही. १९५२ साली संशोधक ग्रंट आणि यंग यांनी गिनिपिग नरांचे लैंगिक वर्तनानुसार जोमदार, मध्यम आणि मंद असे गट पाडले. टेस्टोस्टेरॉन हे नर-हार्मोन बनवणारी वृषणं काढल्यावर तिन्ही गट थंडावले. मग वजनाच्या प्रमाणात सर्वांना सारखंच टेस्टोस्टेरॉन टोचलं, तर प्रत्येक गट आपल्या जुन्याच पातळीवर परतला. हार्मोन हवंच, पण नराचा मूळ स्वभाव ते बदलत नाही.

खच्चीकरणानंतर, म्हणजे वृषणं काढल्यावर, नर उंदराची माजावरच्या मादीच्या वासाची ओढही ओसरते. मात्र चाचणीची घाई नको! रक्तातलं टेस्टोस्टेरॉन दिवसभरात उतरतं, वर्तन मावळायला आठवडे लागतात: आधी वीर्यस्खलन थांबतं, मग समागम, सर्वांत शेवटी मादीवर चढणं. दुसऱ्याच दिवशी तपासलं तर ‘हार्मोनचा संबंधच नाही’ असा खोटा निष्कर्ष निघतो.