पामिटॉयलीकरणातील साहाय्यक प्रथिने

प्रथिनांना मेदाम्ल जोडणाऱ्या विकरांशी बांधली जाऊन त्यांचे स्थैर्य, पेशीतील स्थान किंवा क्रियाशीलता ठरवणारी प्रथिने. ती स्वतः मेदाम्ल जोडत नाहीत. यीस्टमधील एर्फ४ व मानवातील जीसीपी१६ यांचा अभ्यास सर्वाधिक झाला असून दोन्हींचा संबंध पेशीवाढीचे संकेत वाहणाऱ्या रास प्रथिनांशी आहे.

पामिटॉयलीकरणात १६ कार्बनांचे पामिटिक अम्ल प्रथिनातील सिस्टीन या अमिनो अम्लाच्या गंधकाला थायोएस्टर बंधाने जोडले जाते. हा बंध पेशीतच तुटू शकतो, म्हणून प्रथिन पटलावर चढते-उतरते. फोल्च व लीस यांनी १९५१ मध्ये मेंदूतून मेदद्रावकात विरघळणारी प्रथिने वेगळी केली होती, त्यामुळे शोधाचे मूळ तेथवर नेता येते. तथापि विषाणूच्या ग्लायकोप्रथिनावर मेदाम्ल सहसंयुज बंधाने जोडलेले असते, हे श्मिट व श्लेसिंगर यांनी १९७९ मध्ये दाखवले. तोच आरंभ मानणे अधिक सयुक्तिक. पुढे दोन दशके विकर हाती लागला नाही. पामिटॉयल कोएंझाइम ए (पामिटिक अम्लाचा पेशीतील वाहक रेणू) आणि प्रथिन परीक्षानळीत एकत्र आले तरी थोडी जोडणी आपोआप होते. त्यामुळे पेशीतही विकराची गरज नसावी, असे मत पुढे आले. २००२ मध्ये यीस्टमधील एर्फ२ (विकर)–एर्फ४ (साहाय्यक) ही जोडी आणि आक्र१ हा दुसरा विकर यांची क्रिया सिद्ध झाल्यावर ते मागे पडले. आक्र१ ला असा जोडीदार लागत नाही, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे.

या विकरकुलाला डीएचएचसी म्हणतात. ही अक्षरे ॲस्पार्टिक अम्ल, हिस्टिडीन, हिस्टिडीन व सिस्टीन या क्रमाची आहेत. यीस्टमध्ये ७ व मानवात २३ सदस्य आहेत. क्रिया दोन टप्प्यांत होते. प्रथम विकराचाच सिस्टीन पामिटेट (पामिटिक अम्लाचा अंश) घेतो. नंतर ते लक्ष्य प्रथिनाला दिले जाते. मधल्या अवस्थेत पाण्याने बंध तुटला तर मेदाम्ल वाया जाते. साहाय्यक प्रथिनांचा प्रश्न नेमका येथेच उभा राहतो.

एर्फ४ नसतानाही एर्फ२ पामिटेट घेतो, पण ते टिकत नाही आणि रास२ या यीस्टच्या रास प्रथिनापर्यंत फारसे पोहोचत नाही. शिवाय एकटा एर्फ२ युबिक्विटिन या विघटनाची खूण करणाऱ्या छोट्या प्रथिनाने चिन्हांकित होऊन नष्ट केला जातो. म्हणून एर्फ४ चे काम रासायनिक की केवळ संरक्षक, यावर दोन मते झाली. दोन्ही परिणाम प्रयोगात दिसतात. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शीत-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शी रचनांत जीसीपी१६ व एर्फ४ क्रियास्थानात थेट भाग घेताना दिसत नाहीत. ते अनुक्रमे डीएचएचसी९ (जीसीपी१६ चा जोडीदार असलेला मानवी विकर) व एर्फ२ यांची बांधणी स्थिर ठेवतात. मध्यावस्थेचे टिकणे हा या स्थैर्याचाच परिणाम मानला, तर दोन्ही मते बरीचशी जुळतात. डीएचएचसी९ ला आणखी दोन गोष्टी लागतात: अर्जिनीनबहुल भागाला बांधलेला फॉस्फोलिपिड, आणि २४, २५ व २८८ या स्थानांवरील सिस्टीनांचे स्वतःचे पामिटॉयलीकरण. जीसीपी१६ हाच डीएचएचसी१४ व डीएचएचसी१८ यांनाही साथ देतो.

प्रयोगात डीएचएचसी९ एकटा तयार करण्यापेक्षा जीसीपी१६ सोबत तयार करणे इष्ट; एकट्याने तो अस्थिर राहतो व रास प्रथिनावर जवळजवळ निष्क्रिय ठरतो. जोडलेले मेदाम्ल मोजण्यासाठी मोकळे सिस्टीन एन-एथिलमॅलिमाइडने झाकतात, उदासीन पीएचच्या हायड्रॉक्सिलअमाइनने थायोएस्टर तोडतात आणि उघड्या झालेल्या गंधकाला बायोटिन लावून ते घट्ट पकडणाऱ्या स्ट्रेप्टाव्हिडिन प्रथिनावर ओढतात. झाकण्याचे काम अपुरे राहिले तर खोटा संकेत मिळतो, म्हणून हायड्रॉक्सिलअमाइनविरहित नमुना सोबत हवाच. मूळतः थायोएस्टर बाळगणारी इतर विकरेही या पद्धतीत वर येतात. मेदाम्लाचा माग थेट जेलवर घेताना नमुना तीव्र क्षपणकासह उकळला, तर बंध तुटून संकेत हरवतो. २-ब्रोमोपामिटेट हा रोधक अनेक विकरांना चिकटतो. केवळ त्याच्या आधारे साहाय्यक प्रथिनाविषयी निष्कर्ष काढू नये.

डीएचएचसी९ च्या जनुकातील उत्परिवर्तने एक्स गुणसूत्राशी निगडित बौद्धिक अक्षमतेत आढळतात. त्यांतील दोन बदलांत (१४८ व्या स्थानी अर्जिनीनऐवजी ट्रिप्टोफॅन, १५० व्या स्थानी प्रोलीनऐवजी सेरीन) विकरावरील पामिटेटचे प्रमाण घटते.

अन्य जोड्यांची माहिती तुटक आहे. सिलेनोप्रथिन के हे डीएचएचसी६ ला साहाय्य करते. त्यातून प्रतिकारपेशींतील कॅल्शियम सोडणाऱ्या आयपी३ ग्राहकाचे पामिटॉयलीकरण घडते. गोल्गा७बी हे डीएचएचसी५ ला पेशीपटलावर टिकवते. हंटिंग्टिन (हंटिंग्टन रोगाशी निगडित प्रथिन) हे डीएचएचसी१७ चे लक्ष्य असून त्याची क्रियाही वाढवते. मायरिस्टिक अम्ल ग्लायसीनला अमाइड बंधाने जोडण्याची यंत्रणा वेगळी आहे. तेथे एसीबीडी६ हे ॲसिल कोएंझाइम ए बांधणारे प्रथिन विकराला चालना देते.