टॉपड्रेसिंग : हिरवळीवर वाळू-कंपोस्टची भर

टॉपड्रेसिंग म्हणजे उभे गवत न उपटता त्याच्यावर वाळू, माती आणि कुजलेले कंपोस्ट यांचा पातळ थर पसरणे आणि तो गवताच्या बुंध्याशी मुरवणे. बागेतले लॉन, फुटबॉलचे मैदान, गोल्फचे ग्रीन, म्हणजे खळीभोवतीची अगदी आखूड कापलेली हिरवळ, अशा सर्व ठिकाणी ही पद्धत वापरतात. खळगे भरणे, पाण्याचा निचरा सुधारणे, विरळ जागी गवत दाट करणे आणि थॅच, म्हणजे हिरवी पाने व माती यांच्यामध्ये साचलेला अर्धवट कुजलेल्या काड्या-मुळांचा थर, आटोक्यात ठेवणे हे तिचे मुख्य हेतू.

गवताला ही भर सोसते, कारण त्याचा वाढीचा कोंब शेंड्याला नसून बुंध्याशी असतो. हरळीसारख्या गवताच्या धावत्या खोडांना तर अंगावर थोडी माती पडली की प्रत्येक पेराशी नवी मुळे फुटतात. स्कॉटलंडमधील जुनी गोल्फ मैदाने समुद्रकाठच्या वालुकामय जमिनीवर होती आणि वाऱ्याने उडून येणारी वाळू तिथल्या गवताला नवी नव्हती. सेंट अँड्र्यूजच्या मैदानाची देखभाल करणारे ओल्ड टॉम मॉरिस (1821–1908) यांनी ग्रीनवर हाताने वाळू घालण्याची पद्धत रूढ केली, असे मानले जाते.

खेळाच्या मैदानाची खरी दुखणी जमिनीखाली असतात. ओल्या मातीवर पाय, चाके आणि रोलर फिरले की मातीतील मोठी छिद्रे आधी बुजतात. पाणी खाली उतरते आणि हवा आत येते ती याच छिद्रांतून. ती बुजली की मुळे वरच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्येच घुटमळतात, पहिल्या उन्हात गवत करपते आणि पहिल्या पावसात चिखल होतो. अशा वेळी खत आणि पाणी वाढवून उपयोग नसतो.

वाळूचे काम इथे सुरू होते. मध्यम वाळूचे कण एकमेकांना टेकून उभे राहतात, त्यामुळे वर वजन आले तरी मधल्या फटी शाबूत राहतात. हा गुण मात्र कण एकमेकांना टेकलेले असतील तेवढाच असतो. चिकणमातीत थोडी वाळू कालवली तर कण सुटे राहतात, मधली जागा चिकणमाती भरून टाकते आणि मिश्रण वाळल्यावर विटेसारखे घट्ट होते. वाळूचा गुण यायला साधारणपणे तिचे प्रमाण तीन-चतुर्थांशाहून अधिक लागते. म्हणून भारी जमिनीत वाळू खणून मिसळण्यापेक्षा यंत्राने पाडलेल्या छिद्रांतून आणि वरून, वर्षानुवर्षे तिचा सलग थर वाढवत नेणे शहाणपणाचे.

कुठलीही वाळू मात्र चालत नाही. युनायटेड स्टेट्स गोल्फ असोसिएशनने ग्रीनच्या बांधणीची आपली पद्धत 1960 मध्ये प्रसिद्ध केली. तिच्या निकषांनुसार मूळक्षेत्राच्या, म्हणजे मुळे वाढतात त्या थराच्या, मिश्रणात किमान 60 टक्के कण 0.25 ते 1 मिलिमीटर आकाराचे असावेत, गाळ 5 टक्क्यांहून आणि चिकणमाती 3 टक्क्यांहून अधिक नसावी. घरच्या लॉनला इतकी काटेकोर मोजणी लागत नाही, पण एक साधी परीक्षा जरूर करावी : काचेच्या बरणीत वाळू आणि पाणी घालून हलवावे. वाळू मिनिटभरात तळाशी बसते. त्यानंतरही पाणी बराच वेळ गढूळ राहिले आणि वाळूवर गाळाचा जाड थर जमला, तर ती वाळू मैदानावर घालू नये. समुद्राच्या वाळूत मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो, म्हणून तपासल्याशिवाय ती टाळावी. अगदी गोल, एकसारख्या कणांची वाळू पायाखाली सरकते, किंचित कोनदार कणांची वाळू जागेवर बसते.

वाळूत पोषण जवळजवळ नसते आणि तिच्यात ओलही फार टिकत नाही. ती उणीव कंपोस्ट भरून काढते. अन्नद्रव्ये हळूहळू सुटतात, ओल राहते, थॅच कुजवणारे जिवाणू आणि बुरशी येतात. कंपोस्ट पूर्ण मुरलेले हवे : हाताला थंड, रंगाने काळपट, मातीचा वास असलेले आणि बारीक चाळलेले. कच्चे कंपोस्ट कुजताना जमिनीतला नत्र ओढून घेते आणि गवत पिवळे पडते. त्यातून तणाचे बीही येते. घरगुती लॉनसाठी घनफळाने सहा भाग वाळू, तीन भाग पोयटा आणि एक भाग कंपोस्ट हे मिश्रण चांगले चालते. हलक्या, रेताड जमिनीला वाळूची गरजच नसते, तिथे कंपोस्ट वाढवावे. गोल्फच्या ग्रीनवर उलट, बहुतेकदा नुसती वाळू घालतात.

सर्वाधिक नुकसान होते ते थरांमुळे. बारीक कणांच्या थराखाली भरड थर असला, तर वरचा थर जवळजवळ पूर्ण भिजेपर्यंत पाणी खाली उतरत नाही. एका वर्षी वाळू, पुढच्या वर्षी कंपोस्टचा जाड थर, मग पुन्हा वाळू असे केले की पुरलेला सेंद्रिय थर ओला राहतो, त्यातला प्राणवायू संपतो आणि सडक्या अंड्यांचा वास येणारी काळी पट्टी तयार होते. मुळे तिथेच थांबतात. मिश्रण एकदा ठरवले की ते बदलू नये, हा नियम मला बाकी सगळ्या नियमांहून महत्त्वाचा वाटतो. बागेच्या जमिनीत गांडुळे खालची माती वर आणून हे थर काही अंशी मिसळून टाकतात. चार्ल्स डार्विन यांनी 1842 मध्ये शेतावर खडूचा चुरा पसरला होता. 29 वर्षांनी चर खणला, तेव्हा तो सुमारे 18 सेंटिमीटर खोलीवर सापडला, म्हणजे वर्षाला साधारण 6 मिलिमीटर. वालुकामय ग्रीनमध्ये गांडुळे कमी, त्यामुळे तिथे झालेली चूक थर होऊन राहते.

प्रत्यक्ष कामात आधी गवत नेहमीपेक्षा खाली कापतात, थॅच जाड असेल तर पिंजून काढतात आणि मग पोकळ दात्यांच्या यंत्राने जमिनीतून मातीच्या कांड्या उपसतात. 12 मिलिमीटर व्यासाची छिद्रे 5 सेंटिमीटर अंतराने पाडली, तर एका चौरस मीटरमध्ये 400 छिद्रे होतात, तरी पृष्ठभागाचा जेमतेम 4.5 टक्के भाग उघडतो. एका फेरीने मैदान का सुधारत नाही, याचे उत्तर या हिशेबात आहे. छिद्रे 7.5 सेंटिमीटर खोल असतील तर ती भरायलाच दर चौरस मीटरला सुमारे 3.4 लिटर वाळू लागते. दरवेळी त्याच खोलीपर्यंत छिद्रे पाडली तर त्याखाली कडक तवा तयार होतो, म्हणून अधूनमधून अधिक खोल जाणारे भरीव दाते वापरावेत.

मिश्रण कोरडे असावे, नाहीतर छिद्रांच्या तोंडाशीच अडकते. ते फावड्याने किंवा यंत्राने पसरून दंताळ्याने अथवा जाळीच्या ड्रॅग मॅटने घासून आत उतरवतात. विरळ जागी बी टाकायचे असेल तर ते याच वेळी टाकावे. काम झाल्यावर पानांचे शेंडे स्पष्ट दिसले पाहिजेत. पृष्ठभागावर एका वेळी 3 ते 6 मिलिमीटर पुरे. खोल खळगा एकदम न भरता टप्प्याटप्प्याने भरावा. मोजणी सोपी आहे : एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर थर म्हणजे एक लिटर. 105 बाय 68 मीटरच्या फुटबॉल मैदानाला 3 मिलिमीटरसाठी सुमारे 21 घनमीटर, म्हणजे तीसेक टन वाळू लागते.

हे काम गवत जोमाने वाढत असतानाच करावे : हरळी, झोयसिया यांसारख्या उष्ण हवामानाच्या गवतांना उन्हाळी वाढीच्या काळात, राय आणि फेस्क्यू यांसारख्या थंड हवामानाच्या गवतांना शरदात किंवा वसंतात. सुप्त गवतावर घातलेली भर त्याला गुदमरवते.

क्रिकेटची खेळपट्टी या सगळ्याला अपवाद आहे. तिथे चेंडूला उसळी मिळण्यासाठी घट्टपणाच हवा असतो, म्हणून 25 ते 30 टक्के किंवा त्याहून अधिक चिकणमाती असलेली, मूळ खेळपट्टीशी जुळणारी मातीच भरीला वापरतात. लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर 2002-03 च्या हिवाळ्यात सीमारेषेपर्यंतच्या बाह्यक्षेत्रातली चिकण माती काढून तिथे वाळूयुक्त थर घातला आणि नवे गवत लावले, मधला खेळपट्ट्यांचा चौकोन मात्र चिकणमातीचाच ठेवला.