कर भरला म्हणून गवत पालिकेचं होत नाही

पावसाळा लागला की आमच्या अनगोळ-वडगावात हे हमखास ऐकू येतं: “पट्टी भरतो की, मग प्लॉटातलं गवत महापालिकेनं काढायचं!” चूक. बेळगावला लागू असलेल्या १९७६ च्या कर्नाटक महानगरपालिका कायद्यात मोकळ्या जागेवर कर आहेच, पण तो भरून मालकाची जबाबदारी सुटत नाही. आरोग्याला घातक झाडोरा माजला तर आयुक्त मालकालाच नोटीस काढू शकतात. त्यानं कानाडोळा केला तर पालिका साफ करून खर्च त्याच्याकडूनच वसूल करू शकते. मालक पुण्यात असो की दुबईत.

गाजरगवताचं तर विचारूच नका. एकेका झाडाला हजारो बिया. फुलायच्या आधी, जमीन ओली असताना मुळासकट उपटलं तरच उपयोग (हातमोजे घालून, नाहीतर आठवडाभर खाजवत बसाल). फुलल्यावर कापलं की बी शेजाऱ्याच्या परड्यात.

आणि कोपऱ्यात पडलेली करवंटी? तिच्यातल्या वाटीभर पाण्यातून आठ-दहा दिवसांत डेंग्यूचे डास उडतात. कंपाउंड घातलं म्हणून सुटलो, असंही नाही. भिंतीआडची करवंटी कुणाला दिसतच नाही.